पार्सिपनीच्या मित्राचे डोळे

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे घडलं ते कुणालातरी सांगायला हवं, आणि घरात विश्वासाने सांगावं असं माणूस सध्या मला दिसत नाही. म्हणून ही वही. मुलीला, रुहीला, मराठी वाचता येत नाही आणि बायकोला, सुमेधाला, माझं अक्षर लागत नाही, त्यामुळे वही डायनिंग टेबलवर उघडी टाकली तरी सुरक्षित. फक्त हल्ली वह्यांवरच्या रेघा फार फिक्या छापतात. शाई वाचवत असतील.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डॉक्टर म्हणजे अहिल्या, आमच्या मंडळातल्या प्रीतावहिनींची मुलगी. आम्ही अमेरिकेत, इथे श्रूजबरीला राहायला आलो तेव्हा ही मंडळाच्या गणपतीत स्टेजवर अडखळत अथर्वशीर्ष म्हणायची आणि मी विंगेतून शब्द पुरवायचो. आता ती माझ्या डोळ्यात निळा दिवा घालते आणि "श्रीरंगकाका, हनुवटी इथे टेका, don't move" म्हणते. मला काचबिंदू आहे. डोळ्यातलं प्रेशर पुन्हा वाढलंय म्हणे. दुसरा ड्रॉप सुरू केलाय, आणि त्यानेही भागलं नाही तर ऑपरेशन, असं तिने जाता जाता सोडून दिलं. जाता जाता सोडलेल्या गोष्टीच मुद्द्याच्या असतात. आधी ड्रॉप, मग दुसरा ड्रॉप, मग सुरी. हा रस्ता आधीच आखलेला आहे असा मला दाट संशय आहे.

आज ती दिव्यांची टेस्टही झाली. पांढऱ्या घमेल्यात तोंड घालून बसायचं, समोरच्या ठिपक्याकडे बघायचं, आणि आजूबाजूला बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी आयुष्यभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं आहे. मशीनला लय असते, आणि लय सापडली की मशीन आपलं. दिवा, किंचित थांबा, दिवा. दिसला तरी दाबायचं, न दिसला तरी दाबायचं. कॉलेजात ऑब्जेक्टिव्ह पेपरला एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही हे आम्ही शिकलो ते काही उगाच नाही.

तर अहिल्या म्हणते, "काका, you're a little trigger-happy. दिवा नसताना पण प्रेस करताय. ही टेस्ट रिलायेबल नाही, परत करूया."

दुसऱ्या खेपेला मी लय मोडून दाबलं, आणि मधूनमधून मुद्दाम चुकलो, म्हणजे खरं वाटावं. पास झालो. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली. म्हणाली, "नसेचा फोटो वाईट आहे, टेस्ट चांगली आहे. मॅच होत नाहीये." मग म्हणाली, "टेस्ट एवढी चांगली असेल तर ऑपरेशनची घाई नको. आधी ड्रॉप बघू."

बघितलं? पेपर चांगला गेला म्हणून सुरी टळली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रुही पुन्हा आली. बॉस्टनहून दर शनिवारी येते आहे. जानेवारीपर्यंत ही पोरगी सणाला बोलवावं तेव्हा यायची. विचारलं तर "असंच, बाबा, missed you guys" म्हणते. सव्वीस वर्षांच्या मुलीला आईबापांची अशी आठवण येते होय? नोकरी गेली असणार, किंवा कुणाशी तरी जमलेलं मोडलं असणार. आल्यापासून "बाबा, मी ड्राइव्ह करते" हा एकच जप. माझी गाडी आहे, मी चालवीन.

शेजाऱ्याने त्याचा मेलबॉक्स रस्त्याच्या बाजूला पुढे सरकवून लावलाय. बर्फ काढणाऱ्या गाडीने पाडला होता, तो उभा करताना त्याने हळूच जागा मारली. माझ्या गाडीचा डावा आरसा त्याला घासून गेला. मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणतो, होता तिथेच आहे. सुमेधा त्याचीच माफी मागून आली! हिची माझ्या बाजूने बोलायची पद्धतच गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार

नवा ड्रॉप भयंकर झोंबतो. डोळे लाल होतात आणि थोड्या वेळाने घशात कडू उतरतं. डोळ्यात घातलेलं घशात येतं, म्हणजे डोळ्यात राहतं किती?

आज ग्रुपवर एकाने पाठवलं होतं की गांजाने डोळ्याचं प्रेशर उतरतं, आणि हे डॉक्टर लोकांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. ग्रुपवरच्या गोष्टींवर मी एरवी विश्वास ठेवत नाही. हळद, कारलं, तांब्याचं भांडं, सगळं वाचून सोडून देतो. पण हे मी शोधलं आणि यात तथ्य निघालं. प्रेशर उतरतं, असं इंग्रजीत, मोठमोठ्या ठिकाणी लिहिलंय. मग अहिल्याने हे कधी तोंडातून का काढलं नाही? बाटली विकत घ्यावी लागते अशाच गोष्टी डॉक्टरांना बऱ्या आठवतात.

या राज्यात गांजाची दुकानं मिठाईच्या दुकानासारखी उघडी आहेत, काचेची दारं, हिरवी पाटी. पण मी आत कसा जाणार? माझा सिटिझनशिपचा अर्ज गेलाय, मुलाखतीचं पत्र कधीही येईल. राज्याला चालतो तो गांजा फेडरल सरकारला चालत नाही. दुकानात शिरताना आयडी बघतात, आणि बघितलेलं कुठेतरी राहतंच. इतकी वर्षं व्हिसाच्या रांगेत काढून शेवटच्या मुलाखतीत "तुम्ही कधी अमली पदार्थ घेतलात का?" या प्रश्नावर अडकायचं म्हणजे कमाल झाली. डोळे हवेत की पासपोर्ट, असा प्रश्न माझ्यासारख्या सरळ माणसावर यावा.

४ मार्च, मंगळवार

आज अहिल्याला विचारलं. अर्थात रीतसर नाही. ती प्रीतावहिनींची मुलगी, आणि प्रीतावहिनींना कळलं की मंडळाला कळलं.

प्रेशर बघून ती खूश होती. नव्या ड्रॉपने सतरावर आलं. मी सहज आठवल्यासारखं करून म्हटलं, "अहिल्या, माझा एक मित्र आहे. न्यू जर्सीत, पार्सिपनीला असतो. त्यालाही काचबिंदू आहे."

"ओके."

"त्याला कुणीतरी सांगितलंय, गांजाने प्रेशर उतरतं. मेडिकल गांजा. खरं आहे का गं?"

तिने टाइप करायचं थांबवलं. मी घाईघाईने म्हटलं, "हे माझ्या चार्टमध्ये लिहू नकोस. मित्राचं आहे."

"मित्राचं मी तुमच्या चार्टमध्ये कशाला लिहीन, काका?" तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "प्रेशर उतरतं, ते खरं आहे. पण तीन-चार तास. मग परत वर. काचबिंदू तर चोवीस तास असतो. सो तुमच्या मित्राला दिवसातून सहा-आठ वेळा घ्यावं लागेल, झोपेतून उठून पण. He'd be high all day. आणि त्याने ब्लड प्रेशर पण उतरतं, मग डोळ्याच्या नसेला रक्त कमी मिळू शकतं. जी नस वाचवायची तिलाच उपाशी ठेवायचं का? आम्ही कोणीच ते रेकमेंड करत नाही."

"कोणीच नाही?"

"Nobody I know. आणि काका, तुमच्या मित्राला एक सांगा. बाकी काहीही केलं तरी ड्रॉप्स बंद करायचे नाहीत. Please."

"सांगतो."

"तो ड्राइव्ह करतो?"

"कोण?"

"तुमचा मित्र."

"उत्तम करतो," मी म्हटलं.

घरी येताना विचार केला. पहिली गोष्ट, प्रेशर उतरतं हे तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. दुसरी गोष्ट, "आम्ही कोणीच." सगळ्यांचं एकच उत्तर असेल तर ते सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं. आमच्या ऑफिसात प्रोग्रामर लोक एका सुरात "बग नाही" म्हणायचे, तेव्हाच मी नीट बघायला बसायचो. कुठेतरी पाणी मुरतंय.

पोरगी मात्र बोलताना डोळ्यांत बघत होती. त्याचा त्रास होत राहिला.

९ मार्च, रविवार

आज घरात भलतंच बघितलं.

दुपारी रुही स्वयंपाकघरात उभी होती. तिने सुमेधाच्या वेलदोड्याच्या जुन्या स्टीलच्या डबीतून काहीतरी काढून तोंडात टाकलं. मी विचारलं, "काय खातेस गं?"

"Just गमीज, बाबा." डबी झटकन बंद. "हल्ली स्ट्रेस खूप आहे ना, म्हणून स्टार्ट केल्या."

"ऑफिसचा स्ट्रेस?"

"सगळ्याचाच," ती म्हणाली, माझ्याकडे बघितलं, आणि सिंककडे वळली. डोळे भरल्यासारखे वाटले.

मी काय दूधखुळा नाही. त्या दुकानांच्या जाहिरातीत गोळ्या असतात त्या अशाच, जेलीच्या, अस्वलाच्या आकाराच्या. मूळ बाटली टाकून घरातल्या डबीत भरून ठेवते, म्हणजे लपवते. आपली मुलगी गांजा खाते! माझ्या आईने हे ऐकलं असतं तर तिने आधी मला झोडपलं असतं. आता कळलं दर शनिवारी का येते ते. एकटीला भीती वाटत असणार.

रागवावंसं वाटलं. पण रागावलो असतो तर डबी गेली असती.

ती गेल्यावर बघितलं, डबी वरच्या खणात, पोह्यांच्या मागे ठेवून गेलीय.

१० मार्च, सोमवार

अर्धं अस्वल खाल्लं. चव संत्र्याची. दुकान नाही, आयडी नाही, कुठे नोंद नाही.

आता मुद्दा शास्त्राचा. ड्रॉपही घेतला आणि गोळीही घेतली, तर गुण कशाचा हे कसं कळणार? टेस्टिंगचा पहिला नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून ड्रॉप बंद. दोन्ही बाटल्या सुमेधाला दिसतील अशा सिंकपाशीच ठेवल्यात, आणि सकाळ-संध्याकाळ बाथरूममध्ये जाऊन येतो.

पार्सिपनीच्या मित्राला निरोप पोचला असं समजायचं.

१६ मार्च, रविवार

गुण आहे! डोळ्यांची आग पूर्ण थांबली, लाली गेली, घशातला कडूपणा गेला. चक्कर वगैरे काही नाही. गुंगी येते म्हणतात, तीही नाही, म्हणजे माझी प्रकृती मजबूत. झोप छान. नखं मात्र भराभर वाढतात, त्याचा संबंध कळला नाही.

सुमेधा म्हणाली, "डोळे किती स्वच्छ दिसतायत रे तुझे. नवा ड्रॉप लागू पडला." मी हो म्हटलं. तिने माझ्या गालाला हात लावला. फार दिवसांनी लावला. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

हिचंही एक कळत नाही. फिरायला गेलो की हटकून माझ्या डाव्या बाजूला येऊन चालते. मी बाजू बदलली की ती मागून वळसा घालून पुन्हा डावीकडे. पूर्वी आपल्याच नादात पुढे जायची. काहीतरी माझ्यापासून झाकते आहे अशी शंका येते. आणि घरातल्या खुर्च्या रोज हलवते. नडग्यांवर काळेनिळे डाग पडलेत माझ्या. विचारलं तर म्हणते, मी हात लावला नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. मंडळाचं जेवण शाळेच्या हॉलमध्ये. पुरी-भाजी, श्रीखंड, मसालेभात, सगळं उत्तम. टेबलं मात्र यंदा कुठून आणली होती कोण जाणे, अगदी अरुंद. मी ताट ठेवलं ते सरळ खाली. श्रीखंड बुटावर, आमटी एका बाईंच्या पैठणीवर. पैठणीवर आमटी म्हणजे खुनाच्या खालोखाल गुन्हा. सगळा हॉल बघत होता.

प्रीतावहिनी नॅपकिन घेऊन धावत आल्या. पुसून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "श्रीरंगभावजी, डोळ्यांना जपा हो."

झालं! म्हणजे अहिल्याने सांगितलं. डॉक्टरने पेशंटचं काही बाहेर बोलायचं नाही असा इथे कडक कायदा आहे, पण आई-लेकींना कसला कायदा. काचबिंदूचं सांगितलं तर गांजाचंही सांगितलं असणार. मी प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत जेवलो. दोघंतिघं माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. त्यात काय होतं ते आता मनात घोळवत बसलोय.

रुहीने डबी पुन्हा भरून ठेवलीय. कमी होतात हे तिच्या लक्षातच येत नाही. चटक लागली म्हणजे हिशोब राहत नाही.

६ एप्रिल, रविवार

आज फार वाईट झालं असतं.

इंडियन ग्रोसरीला गेलो होतो, मी आणि रुही. चालवत मी होतो, त्यावरून निघतानाच कुरबुर झाली होती. रूट नाइनवरून डावीकडे पार्किंगमध्ये वळलो आणि रुही किंचाळली, "बाबा, स्टॉप! STOP!" मी ब्रेक दाबला. गाडीच्या नाकासमोर एक बाई, बाबागाडी घेऊन. तिचा हात माझ्या बॉनेटवर होता. इतकी जवळ. ती माझ्याकडे बघत राहिली. मग बाबागाडीत वाकून बघितलं, आणि गेली.

कुठून उगवली? मी रुहीला तेच विचारलं. कुठून आली ही?

"She was right there, बाबा. आपण वळायच्या आधीपासून चालत होती. डावीकडून. रेड जॅकेट." आणि मग पोरगी ढसाढसा रडायला लागली. हात पुढे केला, "किल्ली द्या." मी दिली. का दिली ते कळत नाही.

घरी आल्यावर दोघींची बेसमेंटमध्ये कुजबुज. हीटरच्या जाळीतून माझ्या खोलीत ऐकू येतं, हे त्यांना माहीत नाही.

"आई, he didn't even see her."

"माहितेय गं मला."

"अहिल्याला सांगायला हवं. पंधराच्या अपॉइंटमेंटला मी पण येते. सुट्टी घेते."

म्हणजे तिघी एक आहेत! माझ्यावर पाळत आहे, आणि गाडी काढून घेण्यापर्यंत मजल गेली. गाडीशिवाय या गावात माणसाला दूधही आणता येत नाही. एकदा किल्ली गेली की माणूस घरातलं सामान होतो.

८ एप्रिल, मंगळवार

ते लाल जॅकेट डोक्यातून जात नाही.

इतका लाल रंग मला दिसला नाही, हे पटत नाही. काळं काही दिसत नाही मला. डाग नाही, पडदा नाही, भोक नाही. आंधळा होणाऱ्या माणसाला काहीतरी काळं दिसायला हवं ना? माझं जग सलग आहे. त्यात ती बाई फक्त नव्हती, आणि मग होती.

एक चूक एकदा घडली तर सोडून देता येते. पण त्याच जागी पुन्हा पुन्हा घडली तर ती जागा तपासायची, हे मी किती पोरांना शिकवलं असेल. आरसा डावीकडचा. खुर्ची डाव्या नडगीला. ताट टेबलाच्या डाव्या कडेला.

पुढे लिहीत नाही. मला भीती वाटते आहे. कुणाला सांगण्यासारखी नाही, इथे लिहितो, मला फार भीती वाटते आहे. आज गोळी खावीशी वाटली नाही. खाल्ली.

१५ एप्रिल, मंगळवार

सगळं लिहून काढतो. डोळ्यात औषध घातलंय, अक्षरं पोहतायत, रेघ सोडून गेली तर जाऊ दे.

गाडी रुहीने चालवली. तपासायच्या खोलीत दोघी माझ्याबरोबर शिरल्या, आणि मी अडवलं नाही. अहिल्याने प्रेशर घेतलं. दुसऱ्या उपकरणाने पुन्हा घेतलं. एकतीस.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "ड्रॉप्स घेताय ना?"

सुमेधा म्हणाली, "घेतो तो. रोज. मी बघते ना."

एरवी मी सुटलो असतो. पण सुमेधा माझ्या वतीने खोटं बोलत होती, आणि तिला ते खरं वाटत होतं. ते मला सहन झालं नाही.

"अहिल्या," मी म्हटलं, "पार्सिपनीला माझा कोणी मित्र नाही."

"I know, काका."

"मी ड्रॉप बंद केलेत. महिना होऊन गेला. मी गांजा घेतोय." आणि मग, बापाने मुलीला असं उघडं पाडू नये हे कळत असूनही, सगळं सांगून टाकलं. "रुहीचा. तिच्या डबीतला. तिला रागावू नका कोणी, ती टेन्शनमध्ये आहे."

"माझा *काय*?" रुही म्हणाली.

"त्या गमीज. पोह्यांच्या मागच्या."

रुहीचं तोंड उघडंच राहिलं. "बाबा! ती व्हिटॅमिन्स आहेत! केसांची! माझे केस गळतायत! वीकेंडला इथे लागतात म्हणून अर्ध्या गमीज आईच्या डबीत ठेवल्या होत्या!"

आधी सुमेधा हसली. आवरेचना तिला. हसता हसता तिचा श्वास अडकला आणि ती रडायला लागली, खुर्चीत बसून, पदरासारखा ओढणीचा बोळा तोंडाशी धरून. रुही तिच्यापाशी खाली बसली. मी माझी नखं बघत होतो.

"आणि केस का गळतात तुझे?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"तुमच्यामुळे, बाबा," ती म्हणाली. चिडून नाही म्हणाली.

अहिल्याने तेवढ्यात स्वतःच्या हाताने ड्रॉप काढले, माझं डोकं मागे टेकवलं आणि घातले. ते झोंबले. मग मी तिला ती दुसरी गोष्टही सांगितली, फेब्रुवारीतल्या टेस्टची. लय, बटण, मुद्दाम केलेल्या चुका. ती उभी होती ती स्टुलावर बसली.

"त्या टेस्टवरून मी ऑपरेशन थांबवलं होतं, काका." एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. विंगेत उभा राहून या मुलीला शब्द देणारा माणूस मी, आणि तिला खोटं उत्तर देऊन आलो.

टेस्ट पुन्हा केली. "दिसेल तेव्हाच दाबा," ती म्हणाली, "आणि नाही दिसलं तर नका दाबू. ओके? There's no passing." दार लावून घेतलं, अंधार झाला. मी ठिपक्याकडे बघत बसलो. दिवा आला, दाबलं. आला, दाबलं. मग काही नाही. मशीन कुरकुरत होतं, म्हणजे दिवे पडत होते, लय तीच होती, माझा अंगठा सवयीने वळवळत होता. मी तो आवरून धरला. खूप वेळ काही आलं नाही. मग उजवीकडे वर एक. मग पुन्हा काही नाही. त्या शांततेत मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आणि मला रडू येत होतं, पण रडलं तर दिसणार नाही म्हणून तेही धरून ठेवलं.

दिवे लागल्यावर मी विचारलं, "मशीनची खालची डावी बाजू बिघडली आहे का गं?"

"नाही, काका," अहिल्या म्हणाली. "सगळे दिवे लागत होते."

मग तिने समजावलं. डावा डोळा बराच गेलाय. उजव्याची नाकाकडची खालची बाजू गेलीय. त्यामुळे खाली डावीकडचं मला दिसतच नाही, आणि काळं दिसत नाही कारण मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो, रस्ता असेल तर रस्त्याने, भिंत असेल तर भिंतीने. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं राखता येईल. येत्या आठवड्यात ऑपरेशन. ड्रॉप चालू. गाडी नाही.

"माझ्या आईला तुम्ही काही सांगितलं नाहीत ना अजून?" तिने मध्येच विचारलं. "पाडव्यापासून मला सारखी विचारते, श्रीरंगभावजींना दिसत नाही का नीट. मी तिला म्हणाले, I can't tell you anything, आई."

मी नाही म्हणून मान हलवली.

बाहेर पडलो. रुही गाडी आणायला पुढे गेली. पार्किंगमध्ये ऊन होतं, औषधाने डोळे दिपले होते, आणि फुटपाथवरून उतरायची पायरी कुठे आहे ते मला कळेना. इतके महिने जी बाजू सुमेधा अडवते असं मला वाटत होतं, तीच आज रिकामी वाटली. मी थांबलो. म्हटलं, "सुमे, जरा डावीकडे ये ना."

"तिथेच आहे की मी," ती म्हणाली, आणि माझा हात धरला.